प्रेस : दाब आणि खूण

परभाषेंतून आलेले शब्द पाहुण्यांसारखे असतात. कांहीं दोन दिवस राहून निघून जातात. कांहीं ओसरीवरच बसून राहतात, त्यांना माजघरांत प्रवेश मिळत नाहीं. आणि एखादा असा निघतो कीं, तो येतो एका कामासाठीं, पण घरांत शिरल्यावर चार कामें अंगावर घेतो आणि कुटुंबांतलाच एक होऊन बसतो. ‘प्रेस’ हा शब्द या शेवटच्या जातीचा आहे. नागपूर-वऱ्हाडच्या बोलण्यांत तो इतका मुरला आहे कीं, तो परका आहे हें मुद्दाम सांगावें लागतें.

नागपुरांतल्या एखाद्या घरीं कोणीं विचारलें, “मामा कोठें गेले?” आणि उत्तर आलें, “प्रेसमध्यें गेले आहेत,” तर त्या उत्तराचे निदान चार अर्थ होऊं शकतात. मामा कापसाच्या व्यापारांत असतील तर ते रुईच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यांत गेले असावेत. घरीं मुलीचें लग्न ठरलें असेल तर निमंत्रणपत्रिका छापून घेण्यासाठीं छापखान्यांत गेले असावेत. ते बातमीदार असतील तर वर्तमानपत्राच्या कचेरींत गेले असावेत. आणि उद्यां त्यांना परगांवीं लग्नास जावयाचें असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानांतून सदरा कडक करून आणावयास गेले असावेत. “हे कपडे प्रेसला टाक” हें वाक्य विदर्भांतल्या घरांत नेहमीं ऐकूं येतें; पुण्याकडे त्याच जागीं “इस्त्रीला टाक” म्हणतील. नाशिकरोडला हाच प्रश्न विचारला तर पांचवाच अर्थ पुढें येईल. कारण तेथें ‘प्रेस’ म्हणजे १९२५ सालापासून सरकारी मुद्रांक आणि पुढें नोटा छापणारा तो मोठा कारखाना. नवल हें कीं, इतके अर्थ असूनही ऐकणाराचा गोंधळ उडत नाहीं. मोटारीच्या कांचेवर तांबड्या अक्षरांत ‘प्रेस’ असें लिहिलेलें दिसलें तर तींत परटाचे कपडे असतील अशी शंका कोणासही येत नाहीं.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत असून त्याचा मूळ अर्थ दाबणें हा आहे. युरोपांत द्राक्षांचा रस आणि ऑलिव्हचें तेल काढण्यासाठीं मोठ्या मळसूत्राचें लांकडी यंत्र वापरीत. फळांवर फळी ठेवावयाची आणि मळसूत्र फिरवून ती खालीं दाबावयाची. त्या यंत्राला प्रेस म्हणत. इसवी सन १४५० च्या सुमारास जर्मनींतल्या माइन्झ शहरीं गुटेनबर्गनें सुटे खिळे जुळवून ग्रंथ छापावयास आरंभ केला, तेव्हां कागद खिळ्यांवर दाबण्यासाठीं त्यानें याच जातीचें यंत्र योजिलें. द्राक्षें पिळणारें यंत्र अक्षरें उमटवूं लागलें आणि नांव तेंच राहिलें. पुढें तें नांव यंत्रावरून यंत्रगृहाला, यंत्रगृहावरून तेथें छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांना, आणि वर्तमानपत्रांवरून तीं लिहिणाऱ्या माणसांना लागलें. शब्दाचा हा सारा प्रवास युरोपांतच झालेला होता. आपल्याकडे तो आला तेव्हां त्याचें कुटुंब वाढलेलें होतें.

आपल्या भाषेंत दाबण्याच्या क्रियांना शब्दांची वाण होती असें मात्र नाहीं. वडिलांचे पाय चेपतात, भाकरी थापतात, पोळी लाटतात, ऊंस पिळतात, गर्दींत रेटा देतात, आणि आग्रहाच्या पंगतींत पाहुणा दाबून जेवतो. प्रत्येक दाबाला वेगळा हात लागतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा शब्द मिळाला. चकलीचें पीठ भांड्यांत भरून दट्ट्यानें दाबण्याचें साधन घरोघर असतें. इंग्रज त्याला प्रेसच म्हणेल; पण आपल्या स्वयंपाकघरांत तें सोऱ्या या नांवानें पिढ्यान् पिढ्या नांदत आहे आणि त्याला नवें नांव घेण्याची गरज पडली नाहीं. जेथें काम जुनें होतें तेथें जुना शब्द टिकला. जेथें यंत्र नवें आलें तेथें यंत्राबरोबर त्याचें नांवही उतरलें. नागपूर प्रांतांत असें सर्वांत मोठें यंत्र उतरलें तें कापसासाठीं.

आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून उत्तरेस गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. वाटेंत पाऊस लागला तर कापूस भिजे, धूळ लागली तर मळे, आणि प्रवासास कित्येक आठवडे लागत. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. तेव्हां विलायतेचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी नागपुरापर्यंत आली. १८७० सालीं खामगांवचा फांटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें उघडण्यांत आला. गाडी आली, पण गाडीच्या डब्यांत आणि पुढें बोटीच्या पोटांत जागेला मोल होतें. मोकळा कापूस वजनाला थोडा आणि जागेला फार. त्याचें आकारमान कमी केल्याखेरीज तो मँचेस्टरपर्यंत नेणें परवडत नव्हतें. या अडचणींतून कापसाचा प्रेस जन्मास आला, आणि वऱ्हाडांतल्या बाजारगांवांत सरकी काढणाऱ्या जिनाशेजारीं गाठी बांधणाऱ्या प्रेसचें धुराडें उभें राहूं लागलें.

या कारखान्यांतलें काम पाहण्याजोगें असतें. सरकी निघालेली रुई एका खोल पेटींत भरतात आणि वरून किंवा खालून प्रचंड दाब देतात. ढिगाची हां हां म्हणतां चौकोनी वीट होते. पण येथेंच कापसाचा स्वभाव आडवा येतो. रुईचा तंतू लवचिक आहे. दाब काढला कीं ती पुन्हां फुगते. म्हणून यंत्राचा दाब चालू असतांनाच गाठीभोंवतीं पट्ट्या आवळाव्या लागतात. यंत्र दूर झाल्यावर त्याचें काम या पट्ट्या करीत राहतात. गिरणींत पोंचल्यावर पट्टी कापली कीं गाठ उसासा टाकल्याप्रमाणें सैल होते. जुन्या हिशेबांत अशी एक गाठ ३९२ पौंडांची धरीत, म्हणजे ७८४ पौंडांच्या मुंबई खंडीच्या बरोबर निम्मी. आतां ती १७० किलोची धरतात.

गाठ बांधली कीं आंतला माल दिसेनासा होतो, आणि येथें दाबाबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. कोणी वजन वाढावें म्हणून कापसावर पाणी मारी, कोणी चांगल्या रुईंत हलकी रुई मिसळी, आणि गाठ मुंबईच्या किंवा परदेशच्या गुदामांत फुटेपर्यंत ती लबाडी कोणास कळत नसे. तोंवर गाठ कोणत्या गांवीं, कोणाच्या कारखान्यांत बांधली गेली, याचा मागमूस राहत नसे. या गैरप्रकारास आळा घालण्यासाठीं १९२५ सालीं कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्यानें असें ठरविलें कीं, प्रत्येक प्रेसनें बांधलेल्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे. दाबण्यास मनाई नव्हती. पण दाबणारानें आपली ओळख गाठीवर ठेवून जावें एवढी अट होती. या लहानशा अटींत मोठें शहाणपण आहे, आणि ‘प्रेस’च्या इतर घरांतही त्याचा शोध घेणें उचित होईल.

तत्पूर्वीं नागपूरकरांच्या एका गोड गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. जमशेटजी टाटा यांनीं जुम्मा तलावाजवळ काढलेली कापडगिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें, म्हणून गिरणीचें नांव ‘एम्प्रेस मिल’ असें ठेवलें गेलें. तिचे भोंगे आतां कायमचे बंद झाले आहेत. पण कापसाच्या मुलखांत कापसाच्याच गिरणीच्या नांवांत ‘प्रेस’ ऐकूं आल्यानें त्या दोन शब्दांचें नातें असावें असें सहज वाटतें. तें नातें मुळींच नाहीं. सम्राज्ञीचा शब्द निराळ्या धातूपासून आला आहे. उलट मुंबईहून येणारी ‘एक्स्प्रेस’ गाडी मात्र ‘प्रेस’ची सख्खी बहीण आहे, दाबून बाहेर काढलेलें, म्हणून स्पष्ट केलेलें, म्हणून खास एका कामासाठीं सोडलेलें, असा तिच्या अर्थाचा प्रवास आहे. कानाला पटणारें नातें आणि खरें नातें यांत अंतर असतें, हें माणसांप्रमाणें शब्दांनाही लागू आहे.

‘प्रेस’चें दुसरें घर छापखान्याचें. हिंदुस्थानांत पहिलें मुद्रणयंत्र १५५६ सालीं गोव्यास उतरलें. मराठी मुद्रणाला खरा बहर आला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि १८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं मुंबईस काढलेल्या निर्णयसागर छापखान्यानें देवनागरी अक्षरांच्या सौंदर्याचा दंडक घालून दिला. या धंद्याला मराठींत तीन नांवें पडलीं. ‘छाप’ हा आपल्या ओळखीचा शब्द. नाण्यावर छाप असते, कापडावर छाप उठवितात, सभेंत वक्त्याची छाप पडते. त्यावरून छापखाना झाला. विद्वानांनीं मुद्रेवरून मुद्रणालय बनविलें. आणि तिसरा प्रेस. पण भाषा संसारी असते. एका कामास ती तीन गडी फुकट पोसीत नाहीं. मुद्रणालय हा शब्द पाटीवर आणि पावतीवर गेला, छापखाना घरगुती बोलण्यांत राहिला, आणि ‘प्रेसवर गेलें आहे’ म्हणजे पुस्तकाचें काम आतां मागें फिरणार नाहीं, एवढा निर्वाणीचा अर्थ प्रेसच्या वांट्याला आला. नागपूर ही १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी असल्यामुळें येथें सरकारी छापखाना उभा राहिला. गॅझेटें, अहवाल आणि कायद्यांचे मसुदे यांच्या पहिल्या पानावर ‘गव्हर्नमेंट प्रेस, नागपूर’ हीं अक्षरें देशभर पोंचलीं.

जुन्या छापखान्यांतला जुळारी उलट्या अक्षरांचा एक एक खिळा उचलून ओळ बांधी, रूळ शाई लावी, आणि पायानें चालणारें ट्रेडल यंत्र कागद खिळ्यांवर क्षणभर दाबी. क्षणभरच, पण तेवढ्या क्षणांत उमटलेलें अक्षर शंभर वर्षें टिकूं शकतें. कापसाचा दाब सतत टिकवावा लागतो, तर छापण्याचा दाब निघून जातो आणि ठसा मागें राहतो, हा या दोहोंतला मोठा भेद आहे. दाब किती द्यावा याचा अंदाज मात्र दोन्हीकडे लागतो. कमी पडला तर अक्षर फिकें उठतें. जास्त झाला तर तें कागदाच्या पाठीवर फुगून येतें आणि खिळे झिजतात. आतां खिळे गेले, जुळारी गेले. नव्या यंत्रांपैकीं कांहींत तर शाईचे सूक्ष्म थेंब वरून पडतात, आणि कागद दाबलाच जात नाहीं. तरीही त्या दुकानाला लोक प्रेसच म्हणतात. क्रिया संपली तरी नांव उरतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

या घरांतही दाबणाराच्या ओळखीचा कायदा झाला होता, आणि तो कापसाच्या कायद्याच्या कितीतरी आधीं. ज्या वर्षीं आगगाडी नागपुरास आली त्याच १८६७ सालीं छापखाने व पुस्तकें यांच्या नोंदणीचा कायदा झाला. छापखाना चालविणारानें मॅजिस्ट्रेटपुढें तसें जाहीर करावें, आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर छापणाराचें नांव आणि छापल्याचें ठिकाण असावें, असें त्यांत सांगितलें होतें. मासिकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपांत ‘हें मासिक अमक्यांनीं अमक्या ठिकाणीं छापून प्रसिद्ध केलें’ अशी एक ओळ असे. ती बहुतेक वाचक वाचीत नसत. ती गाठीवरच्या खुणेचीच बहीण होय. परक्या सरकारनें ती ओळ मागितली ती लेखकांवर नजर ठेवण्यासाठीं, यांत शंका नाहीं. तरी वाचकालाही तिचा उपयोग होता : हें म्हणणें कोणाचें आहे, तें त्याला कळे. २०२३ सालीं संसदेनें नवा कायदा केला आणि १ मार्च २०२४ पासून त्यानें जुन्या कायद्याची जागा घेतली.

‘प्रेस’चें तिसरें घर गल्लीच्या कोपऱ्यावर, परटाच्या टेबलावर. येथें ‘इस्त्री’ या शब्दानें त्याच्याआधीं जागा धरली होती. पण इस्त्रीही पाहुणीच. ती पोर्तुगीजांकडून आली असें मानतात. त्यापूर्वीं धुतलेलें कापड घडी घालून लांकडी मोगरीनें ठोकीत आणि त्याला तकाकी आणीत. त्यास कुंदी करणें म्हणत. कापडाची कुंदी मागें पडली आणि तो शब्द आतां बहुधा मार देण्याच्या अर्थानेंच उरला आहे. ज्यांच्या घरीं इस्त्री नसे तीं शाळकरी मुलें तांब्यांत निखारे घालून सदऱ्यावर फिरवीत, किंवा विजार रात्रभर गादीखालीं ठेवून सकाळीं तिची घडी मोठ्या अभिमानानें मिरवीत. कापड सरळ होतें तें तीन गोष्टींच्या मेळानें. ओलाव्यानें आणि उष्णतेनें सुताचे तंतू सैल होतात, दाबानें ते सरळ होतात, आणि निवतांना तसेच राहतात. उष्णता बेतास बात हवी. चुकली तर सुरकुती जाण्याऐवजीं कापडच जातें.

परटाच्या धंद्यांतही खूण होती. विदर्भाच्या रानांत बिब्याचीं झाडें पुष्कळ आहेत. बिब्याच्या फळाचा रस अंगावर उततो, पण कापडावर लागला तर असा काळा डाग देतो कीं तो भट्टींतही निघत नाहीं. या डागाचा उपयोग करून परीट कपड्याच्या आंतल्या कोपऱ्यांत ठिपका, रेघ, फुली अशी खूण करी. शिकलेल्या घरांना ती कळत नसे. पण शेंकडों कपड्यांच्या ढिगांतून कोणता सदरा कोणत्या घरचा, हें निरक्षर परीटही त्या खुणेवरून बिनचूक सांगे. प्रत्येकाची खुणेची रीत निराळी असल्यानें कपडा कोणीं धुतला हेंही कळे. गुन्ह्यांच्या तपासांत पोलिसांनींही अशा खुणांचा उपयोग केलेला आहे. कापसाच्या गाठीवर कायद्यानें जें लादलें, तें परटानें कायद्यावांचून, केवळ धंद्याच्या इमानासाठीं पाळलें होतें.

चौथें घर वर्तमानपत्रांचें, आणि तेथें ‘दाब’ या शब्दाचा अर्थ उलटतो. इतर तीन घरांत प्रेस दाबणारा असतो. येथें बहुधा तोच दाबला जातो. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें. तो दिवस महाराष्ट्रांत पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. पत्रें वाढलीं तसे निर्बंधही वाढले. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत देशी भाषांतील पत्रांपुरताच एक कायदा झाला, तेव्हां कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’नें त्यांतून सुटण्यासाठीं एकाएकीं इंग्रजी वेष धारण केला. तो कायदा लॉर्ड रिपन यांच्या वेळीं १८८२ सालीं रद्द झाला. परंतु १९१० च्या कायद्यानें छापखान्यांकडून जामिनाच्या रकमा मागितल्या आणि १९३१ च्या कायद्यानें तीच फांस पुन्हां आवळली. गाठीभोंवतीं पट्टी आवळावी तसे हे कायदे होते. पट्टी सैल झाली कीं आंतला कापूस पुन्हां फुगे.

नागपुरानें हा दाब चांगलाच अनुभवला. अच्युत बळवंत कोल्हटकर यांनीं येथील ‘देशसेवका’च्या संपादकपदावरून लिहिलें आणि राजद्रोहाच्या आरोपाखालीं तुरुंगवास भोगला. १९११ सालीं नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचें ‘हितवाद’, १९१४ सालीं गोपाळराव ओगले यांचें ‘महाराष्ट्र’, अशीं पत्रें येथें निघालीं. पण या सर्वांत मनाला चटका लावणारी हकीकत माधवराव सप्रे यांची आहे. मराठी घरांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं हिंदीची सेवा पत्करली आणि १९०७ सालीं नागपुरांतून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ सालीं त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. सरकारचा दाब त्यांनीं सोसला असता. पण कुटुंबीयांच्या जिवापाड आग्रहापुढें त्यांचा निश्चय टिकला नाहीं. त्यांनीं क्षमापत्रावर सही केली आणि ते सुटले. त्या सहीचें शल्य त्यांना फार झोंबलें. सार्वजनिक जीवनांतून अंग काढून घेऊन ते रामदासी साधनेकडे वळले, त्यांनीं ‘दासबोध’ हिंदींत आणला, आणि पुढें लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ ग्रंथही हिंदी वाचकांच्या हातीं दिला. क्षमापत्रावर नांव एकट्या सप्रे यांचें होतें. ज्यांनीं डोळ्यांत पाणी आणून तें लिहविलें त्यांची खूण त्यावर नव्हती, आणि लोकांनीं दोष दिला तो सहीवाल्याला. असा दाब प्रेमाचाच असतो, म्हणून त्याला दाब म्हणण्याचें धैर्य कोणास होत नाहीं.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न मिटला असें नाहीं. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमांत भाषणाच्या आणि विचारप्रदर्शनाच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे, पण त्यांत ‘प्रेस’ हा शब्द नाहीं. घटनासमितींत याविषयीं प्रश्न निघाला तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा होता कीं, संपादक लिहितो तो नागरिक या नात्यानेंच लिहितो. नागरिकास जो हक्क आहे तोच त्याला आहे, वेगळ्या उल्लेखाची जरुरी नाहीं. मोटारीवर ‘प्रेस’ लिहून वाट मोकळी करून घेणारांनीं हें उत्तर ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली आणि वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसली. त्या वेळीं कांहीं पत्रांनीं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेंत एकही अक्षर नव्हतें, तरी वाचकाला सर्व कळलें. कोठें दाबलें गेलें आहे त्याची खूण त्या संपादकांनीं कागदावर ठेवली होती.

याच कुळांतली ‘प्रेशर’ ही लेक अलीकडे मराठी घरांत फारच मानानें वावरते. स्वयंपाकघरांत तिचा कुकर आहे. त्यांत वाफ कोंडल्यामुळें पाणी शंभराऐवजीं सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें आणि तुरीची डाळ लवकर शिजते. दवाखान्यांत तिचें नांव रक्तदाब. वेधशाळेच्या बातम्यांत ती कमी दाबाचा पट्टा होऊन बंगालच्या उपसागरावरून येते आणि नागपूरच्या पावसाची आशा दाखविते. हे सारे दाब मोजतां येतात. कुकरला शिटी आहे, दंडाला पट्टा बांधण्याचें यंत्र आहे, हवेला वायुभारमापक आहे. आपत्ति येते ती ज्या दाबाला माप नाहीं आणि खूणही नाहीं त्याची.

“पोरावर फार प्रेशर आहे,” असें परीक्षेच्या दिवसांत घरोघर ऐकूं येतें. “वरून प्रेशर आहे,” असें कचेरीकचेरींत ऐकूं येतें. शाळेंत व्याकरण शिकलेल्या कोणासही या दोन वाक्यांतली उणीव दिसेल. त्यांत दाबणारा कर्ता नाहीं. ‘वरून’ हें अव्यय आहे. त्याला नांव नाहीं, पत्ता नाहीं, शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ नाहीं. मुलाला दाबतो कोण? आई म्हणते, स्पर्धा. वडील म्हणतात, काळ. शाळा म्हणते, पालक. शिकवणीवाला म्हणतो, परीक्षा. गाठ कोणीं बांधली हें कोणी सांगत नाहीं, आणि तंतू आंतल्या आंत आवळत जातो. चांगला मास्तर किंवा शहाणी आई मुलाला दाबीत नाहीं असें नाहीं. थोड्या दाबावांचून अक्षर उमटत नाहीं, सुरकुती जात नाहीं. पण तो दाब क्षणापुरता असतो, त्याचा ठसा मागें राहतो, आणि पुढें मुलगा मोठा झाल्यावर सांगूं शकतो कीं, हें अक्षर माझ्यावर अमक्यानें उमटविलें.

कापसाच्या कारखानदाराला, छापखानेवाल्याला आणि गल्लींतल्या परटाला जें साधलें, तें घराला आणि कचेरीला साधण्यास कायद्याची गरज नाहीं. “प्रेशर आहे” असें वाक्य तोंडीं आलें कीं तेथेंच थांबून त्याचा कर्ता शोधावा आणि तो मोठ्यानें उच्चारावा. कर्ता परका निघाला तर त्याला जाब विचारतां येईल. आपणच निघालों, तर निदान गाठीवर आपली खूण करण्याचा प्रामाणिकपणा तरी आपल्या हातून होईल, आणि पट्टी किती आवळावी याचा विचार पुन्हां एकदां करतां येईल.